आठ दिव्यांवर भागणार नाही

शाळेचा संगणक कक्ष असो, ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, पतसंस्थेची शाखा असो की गृहनिर्माण सोसायटीचा जिना; नेटवर्कची केबल टाकून झाली की काम संपल्याची खूण सगळीकडे सारखीच असते. दोन्ही टोकांना कनेक्टर मारले जातात, तळहातावर मावणारा टेस्टर लावला जातो, एक ते आठ दिवे ओळीने लागतात आणि ठेकेदार बिल पुढे करतो. त्यानंतर ती केबल पट्टीत, भिंतीत किंवा छताच्या वर जाते आणि पुढची कित्येक वर्षे तिच्याकडे कोणी पाहत नाही. नेट रखडले की कंपनीला फोन जातो, राउटर बदलला जातो, महागडा प्लॅन घेतला जातो. केबलवर संशय क्वचितच येतो, कारण ती ‘तपासलेली’ असते. ही तपासणी पुरेशी नाही, हेच मला ठामपणे सांगायचे आहे. नेटवर्कची केबल हाताने तयार करण्याचे कौशल्य महाराष्ट्रात तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्या कौशल्याचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे तयार केलेली केबल मोजून पाहणे, मागेच राहिला. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या केबलच्या प्रत्येक कामात मोजणीचा अहवाल सक्तीचा झाला पाहिजे आणि केबल बनवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला ती तपासायलाही शिकवले पाहिजे.

हा आग्रह कशासाठी, ते कळायला केबलच्या आत काय चालते हे पाहावे लागेल. नेहमीच्या लॅन केबलमध्ये तांब्याच्या आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. हा पीळ म्हणजे केबलचा प्राण आहे. जोडीतल्या एका तारेत विद्युतदाब चढतो तेव्हा दुसरीत तेवढाच उतरतो. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट मात्र दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो. पलीकडचे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचते, त्यामुळे सारखा चढलेला गोंगाट वजाबाकीत निघून जातो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये पिळलेल्या जोडीचे पेटंट घेतले ते टेलिफोनच्या तारांसाठी. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेट घडवले तेव्हा त्याची केबल वेगळी, कोअॅक्सिअल होती. १९९० च्या मानकाने इथरनेट पिळलेल्या जोडीवर आले आणि १९९९ च्या मानकाने अशाच चार जोड्यांवरून सेकंदाला शंभर कोटी बिट, म्हणजे एक गिगाबिट, नेण्याची सोय केली. इतक्या वेगाला तारेतून ‘करंट जातो’ एवढे पुरत नाही. कॅट-५ई केबल १०० मेगाहर्ट्झपर्यंत आणि कॅट-६ केबल २५० मेगाहर्ट्झपर्यंत ठरलेल्या मर्यादेत वागली पाहिजे, असे मानक सांगते. त्यासाठी चारही जोड्यांचा पीळ कारखान्यात मुद्दाम वेगवेगळ्या अंतराने घातलेला असतो, आणि टोकाला तो १३ मिलीमीटरपेक्षा जास्त उलगडू नये अशी अट असते. कारखान्यात इतक्या काळजीने घातलेला पीळ नीट टिकतो की बिघडतो, हे जागेवर काम करणाऱ्या माणसाच्या हातात असते.

हे टोक जरा जवळून पाहू. कारागीर बाहेरचे आवरण इंचभर सोलतो, जोड्यांचा पीळ उलगडतो, आठही तारा सरळ करून ठरलेल्या क्रमाने धरतो, एका रेषेत कापतो, कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत आत सरकवतो आणि क्रिम्पिंग टूल दाबतो. कनेक्टरमधली आठ बारीक पाती तारांचे आवरण भेदून तांब्याला भिडतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालणारा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यात हिरव्या जोडीच्या दोन तारा तिसऱ्या आणि सहाव्या जागी जातात आणि निळी जोडी त्यांच्या मधोमध बसते. ज्याला यामागचे कारण कोणी सांगितलेले नाही, त्याला हा क्रम विनाकारण किचकट वाटतो. तो सरळ मार्ग धरतो. केशरी जोडीशेजारी हिरवी, तिच्याशेजारी निळी, शेवटी तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवला की टेस्टरचे आठही दिवे बिनचूक लागतात. पण नेटवर्कचे यंत्र तिसरी आणि सहावी जागा मिळून एक जोडी मानते, आणि आता त्या दोन जागी दोन वेगवेगळ्या जोड्यांमधल्या तारा आलेल्या असतात. त्या एकमेकींशी पिळलेल्याच नाहीत, त्यामुळे गोंगाटाची वजाबाकी होत नाही आणि शेजारच्या जोडीतला संदेश हिच्यात झिरपतो. या दोषाला ‘स्प्लिट पेअर’ म्हणतात. दिव्यांचा टेस्टर या टोकाची तार त्या टोकाला पोहोचते का, एवढेच सांगतो. कोणती तार कोणाशी पिळली आहे हे त्याला दिसतच नाही. म्हणून बनवणाऱ्याची ही सर्वात साधी चूक नेमकी त्याच्याच हातातल्या टेस्टरमधून निसटते.

कोणी म्हणेल, इतका दोष असेल तर नेटवर्क बंद पडेल आणि चूक आपोआप कळेल. खरी अडचण इथेच आहे, कारण खराब केबल सहसा बंद पडत नाही. इथरनेटवरून माहिती चौकटी-चौकटींनी जाते. एका चौकटीत साधारण दीड हजार बाइट मावतात आणि तिच्या शेवटी चार बाइटांचा पडताळा असतो. वाटेत एखादा बिट बिघडला की पडताळा जुळत नाही आणि घेणारे यंत्र ती पूर्ण चौकट गुपचूप टाकून देते. इथरनेट ती पुन्हा मागत नाही. ते काम वरच्या थरातला टीसीपी करतो. तुकडा हरवल्याचे लक्षात आले की तो पुन्हा पाठवतो, आणि मार्गावर गर्दी झाली असावी असे धरून स्वतःचा वेग कमी करतो. भिंतीतल्या सदोष टोकाची तक्रार अशा रीतीने ‘नेट हळू चालते’ या रूपात वर येते. गिगाबिटच्या मानकात दर एक हजार कोटी बिटांमागे सरासरी एकापेक्षा जास्त चूक चालत नाही. पूर्ण वेगात हे दहा सेकंदांचे काम आहे. चुका याच्या हजारपट झाल्या तरी संगणकाच्या पडद्यावर लाल खूण उमटत नाही; फक्त फाइल उघडायला वेळ लागतो, ऑनलाइन अर्ज मध्येच अडकतो, व्हिडिओ थांबतो. आपले सरकार सेवा केंद्रात दाखल्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाउन आहे’ असे उत्तर मिळते. कधी ते खरे असते, कधी दोष खोलीतल्याच वीस मीटर केबलमध्ये असतो. यातले काय खरे, हे मोजल्याशिवाय सांगताच येत नाही आणि मोजायची पद्धतच नाही, म्हणून दोष कायम दुसऱ्याच्या माथी जातो.

दुसरा दोष याहूनही सर्रास आढळतो. शंभर मेगाबिटचे जुने नेटवर्क आठपैकी चारच तारा वापरते. पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारपैकी एखादी तार नीट दाबली गेली नाही, तर दोन्ही बाजूंची यंत्रे पुष्कळदा निमूटपणे शंभर मेगाबिटवर येऊन काम चालू ठेवतात. कार्यालयाने तीनशे मेगाबिटचा प्लॅन घेतलेला असतो, राउटर आणि संगणक दोन्ही गिगाबिटचे असतात, आणि त्या एका तारेपायी दोन-तृतीयांश वेग दर महिन्याला वाया जातो. ही चूक शोधायला पैसाही लागत नाही. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड लिहिलेला असतो. दोन्ही बाजूंची यंत्रे गिगाबिटची असताना तिथे १००० ऐवजी १०० दिसले, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. थोडा चांगला, म्हणजे मॅनेज्ड प्रकारचा स्विच असेल तर प्रत्येक पोर्टवर पडताळ्याच्या किती चुका झाल्या याचा आकडा तो स्वतःच मांडून ठेवतो. हा आकडा रोज वाढत असेल तर केबल, टोक किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी बिघडले आहे. माहिती यंत्रातच असते. ती पाहायची असते, हे सांगणारे कोणी भेटत नाही.

आता तांब्याकडे येऊ. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या पुष्कळ केबलींमध्ये तांब्याचा फक्त वरचा मुलामा असतो आणि आत अॅल्युमिनियम असते. व्यापारी तिला ‘सीसीए’ म्हणतात. नेटवर्क केबलच्या मानकाप्रमाणे तार पूर्ण तांब्याचीच हवी, त्यामुळे सीसीए केबलवर कॅट-६ छापलेले असले तरी ती त्या दर्जाची नसते. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा तिचा विद्युतरोध सुमारे दीडपट असतो. ती अधिक ठिसूळ असते आणि दोन-चारदा वाकवली की कनेक्टरपाशीच तुटते. एके काळी केबलमधून फक्त माहिती जात होती, तोवर हे कसेबसे खपून गेले. आज त्याच केबलमधून वीजही जाते. सीसीटीव्ही कॅमेरा, छतावरचा वाय-फायचा डबा, टेबलावरचा आयपी फोन हे सगळे पीओई पद्धतीने लॅन केबलवरच चालतात. २००३ च्या मानकात एका पोर्टवरून १५.४ वॉट वीज देण्याची सोय होती. २००९ मध्ये ती ३० वॉट झाली आणि २०१८ मध्ये ९० वॉटपर्यंत गेली. रोध दीडपट म्हणजे वाटेत उष्णतेत जाणारी वीजही निदान दीडपट. सोसायटीच्या फाटकावरचा लांबचा कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू होऊ लागतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते आणि रोधाच्या केबलमधून ती पुरी पडत नाही. ज्या वेळेसाठी कॅमेरा बसवला त्याच वेळी तो आंधळा होतो. टेस्टरच्या आठ दिव्यांना तांबे आणि अॅल्युमिनियम सारखेच दिसते. तारेचा रोध मोजणाऱ्या यंत्राला मात्र हा फरक लगेच कळतो.

मग खरी तपासणी कशी असते? तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर तारांचा क्रम, जोड्यांची अदलाबदल आणि लांबी पाहिली जाते. स्विचपासून संगणकापर्यंतचा पूर्ण मार्ग १०० मीटरच्या आत हवा; त्यातही भिंतीतली पक्की केबल ९० मीटरपर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या सुट्या कॉर्ड मिळून १० मीटर, असा हिशेब असतो. या पायरीवरचे चांगले यंत्र तारेत एक लहर सोडते आणि ती कुठून परतली हे मोजून तुटलेली जागा किती मीटरवर आहे ते सांगते. भिंत कुठे फोडायची हे त्यामुळे आधीच कळते. दुसऱ्या पायरीवर, ही केबल गिगाबिटचा भार प्रत्यक्षात पेलते का, हे माहिती धावती ठेवून पाहतात. तिसरी पायरी प्रमाणपत्राची. एका जोडीतला संदेश दुसरीत किती झिरपतो, वाटेत किती क्षीण होतो, टोकावरून किती परत फिरतो, चारही जोड्यांवर पोहोचण्याच्या वेळेत किती फरक पडतो, हे सगळे मोजून मानकाच्या मर्यादेशी ताडले जाते आणि प्रत्येक केबलच्या नावाने पास किंवा नापास असा शेरा यंत्रच देते. मोठ्या बँकांच्या डेटा सेंटरमध्ये आणि आयटी कंपन्यांच्या इमारतींमध्ये तिसरी पायरी ओलांडल्याशिवाय काम स्वीकारले जात नाही. ज्ञान आपल्याच राज्यात आहे, यंत्रेही आहेत. फक्त ती जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत आलेली नाहीत.

सरकारला ही शिस्त नवी नाही. घराला किंवा दुकानाला नवी वीजजोडणी हवी असेल तर महावितरणकडे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. वायरिंग झाले, दिवा लागला, एवढ्यावर कोणी भागवत नाही. ऑप्टिकल फायबरचेही तसेच. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागलेली योजना देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी आहे. २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. फायबरच्या कामात ओटीडीआर नावाच्या यंत्राने प्रत्येक जोड तपासण्याची रीत रुळलेली आहे. कोणत्या किलोमीटरवर किती प्रकाश घटला याचा आलेख काढूनच काम पूर्ण मानायचे असते. गावापर्यंतची कित्येक किलोमीटरची काच अशी मोजायची आणि कार्यालयाच्या दारापासून संगणकापर्यंतचे चाळीस मीटर तांबे न मोजताच स्वीकारायचे, ही विसंगती आहे. सार्वजनिक कामाच्या मोजमाप पुस्तिकेत केबलची नोंद होते ती मीटरमध्ये. किती मीटर टाकली याचे पैसे मिळतात. कशी टाकली यासाठी रकानाच नाही. ज्याचे मोजमाप होते त्याचीच काळजी घेतली जाते, हा ठेकेदारीचा साधा नियम आहे. म्हणून निविदेत एक अट घालावी: प्रत्येक केबलला क्रमांक असेल, त्या क्रमांकाने यंत्रातून निघालेला अहवाल जोडलेला असेल आणि त्याशिवाय अंतिम बिल निघणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल की जमाना वाय-फायचा आहे, मग तारांची चिंता कशाला? वाय-फायचा डबा मात्र हवेतून येत नाही. त्याला माहिती आणि बहुतेक वेळा वीजही याच केबलमधून मिळते. उलट वाय-फाय वाढले तसे एकेका केबलवरचे ओझे वाढले. पूर्वी एका केबलवर एक संगणक असायचा, आता एका डब्यामागे एक वर्ग किंवा एक मजला असतो. नव्या वाय-फायचा वेग गिगाबिटच्या पुढे गेला, म्हणून तर २०१६ मध्ये जुन्याच केबलींवरून अडीच आणि पाच गिगाबिट नेण्याचे मानक आणावे लागले. त्या वेगाला ढिलाईने मारलेले टोक टिकत नाही. बिनतारी सोय हवी असणाऱ्याने तर तारेची काळजी जास्त घेतली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाजारात तयार कॉर्ड मिळतात, त्या कारखान्यात तपासलेल्या असतात, मग हाताने बनवण्याचा हट्ट का? संगणकापासून भिंतीपर्यंतच्या सुट्या कॉर्डपुरता हा आक्षेप पूर्ण मान्य करायला हवा. ती कॉर्ड सारखी हलते, म्हणून तिच्यात बारीक तंतूंची तार वापरतात, आणि अशी तार हाताने नीट क्रिंप करणे खरोखरच अवघड असते. तिथे चांगली तयार कॉर्डच घ्यावी. पण भिंतीतली केबल तयार मिळू शकत नाही. ३०५ मीटरच्या खोक्यातून ती इमारतीच्या मापाने ओढावी लागते आणि तिचे टोक जागेवरच बांधावे लागते. पक्क्या केबलचे टोक भिंतीतल्या जॅकमध्ये किंवा पॅच पॅनेलवर पंचडाउन टूलने बसवावे, त्यावर लोंबता कनेक्टर मारू नये, ही चांगल्या कामाची रीत आहे. तेही हाताचेच काम. केबल ओढताना जोर जास्त लागला, कोपऱ्यात ती करकचून वाकवली, बांधणीची पट्टी आवळून ताणली, तर आतला पीळ बिघडतो. कारखान्यातली तपासणी यावर उपाय करू शकत नाही. कारखान्याच्या मालाचा भरवसा कारखान्याच्या फाटकापर्यंतच असतो. जागेवर झालेल्या कामाची परीक्षा जागेवरच घ्यावी लागते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. प्रमाणपत्र देणारे यंत्र लाखांच्या घरात जाते, हे खरे आहे. पण ते प्रत्येक शाळेने विकत घेण्याची गरज नाही. जिल्ह्यासाठी एक-दोन यंत्रे आणि ती चालवणारी प्रशिक्षित माणसे पुरतील. तपासणीचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरता येईल. लहान कामांना पहिल्या पायरीचे, स्प्लिट पेअर पकडणारे आणि लांबी सांगणारे यंत्र पुरते आणि ते काही हजार रुपयांपासून मिळते. त्याहून स्वस्त टेस्टर फेकून द्या, असेही माझे म्हणणे नाही. आठ दिवे ही परीक्षेची पहिली ओळ आहे, तिला निकाल मानू नये इतकेच. अहवालाची सक्ती केली की खोटे अहवाल येतील, एक कागद वाढेल, अशीही शंका आहे. ती निराधार नाही. म्हणून हाताने भरलेला तक्ता न घेता यंत्रातून निघालेली, तारीख, वेळ आणि केबलचा क्रमांक असलेली मूळ फाइलच घ्यावी, आणि दहातली एक केबल स्वीकारणाऱ्याने स्वतः निवडून पुन्हा मोजून घ्यावी. ती नापास झाली तर सगळे काम पुन्हा मोजावे. अशी अट आधीपासून माहीत असेल तर टोक बांधणारा हात आपोआप सावध होतो. भिंत बंद होण्याआधी केबल पुन्हा बांधायला काही मिनिटे लागतात. भिंत बंद झाल्यावर तीच चूक गवंडी, रंगारी आणि बंद पडलेला वर्ग घेऊन येते.

सक्ती हा उपायाचा एक भाग, शिक्षण हा दुसरा, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. केबल बनवणे हे शाळकरी मुलाला तासाभरात जमणारे काम आहे. साहित्य स्वस्त आहे, विजेच्या धक्क्याची भीती नाही, चुकलेले टोक कापून पुन्हा बांधता येते. त्याच्या एका टोकाला पदार्थविज्ञान आहे, दुसऱ्या टोकाला रोजगार. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो प्रत्यक्ष काम करता करता शिकावे या विचाराने, आणि तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवावेत, असे म्हटले आहे. त्यातला एक दिवस शाळेच्याच संगणक कक्षाला द्यावा. मुलांनी दोन केबली बनवाव्यात, एक बरोबर क्रमाची आणि एक मुद्दाम स्प्लिट पेअर केलेली. दोन्हींवर दिवे लागलेले पाहावेत, मग दोन्हींवरून तीच मोठी फाइल पाठवून वेळ आणि स्विचवरच्या चुकांचा आकडा लिहून घ्यावा. लांबी जितकी जास्त घ्याल तितका फरक स्पष्ट दिसेल. दिसते ते पुरेसे असतेच असे नाही, मोजले पाहिजे, हा विज्ञानाचा पहिला धडा त्यांना व्याख्यानाशिवाय मिळेल. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचे अभ्यासक्रम आहेत. तिथे केबल बनवण्याच्या प्रात्यक्षिकाचे गुण दिव्यांवर न देता मोजणीच्या अहवालावर द्यावेत. अहवाल वाचता येणारा तरुण हा नुसता कनेक्टर मारणारा मजूर राहत नाही; तो दोष शोधतो, जबाबदारी घेतो आणि आपल्या कामाचा दर मागू शकतो. तालुक्याच्या गावी राहून सन्मानाने करता येईल असे हे काम आहे.

शेवटी वाचकांना विनंती. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत असाल, ग्रामपंचायतीचे सदस्य असाल, सोसायटीचे किंवा पतसंस्थेचे पदाधिकारी असाल, तर केबलच्या पुढच्या बिलावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. तार पूर्ण तांब्याची आहे, हे बिलावर लिहून दिले आहे का? प्रत्येक केबलला क्रमांक आहे का? त्या क्रमांकाचा मोजणी अहवाल यंत्राच्या फाइलसह जोडला आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर काम अपुरे आहे, असे समजा आणि सही थांबवा. ठेकेदाराशी वैर म्हणून हे करायचे नाही. चांगले काम करणाऱ्या ठेकेदाराला स्वस्त आणि ढिसाळ कामाशी स्पर्धा करावी लागू नये, यासाठीही ते करायचे. केबल टाकणे हे अर्धे काम आहे. ती मोजून, तिचा निकाल लिहून देणे हे उरलेले अर्धे, आणि पैसे पूर्ण कामाचेच द्यावेत.